“त्रास काय आहे? मोठ्याने बोला!” : माणसं दवाखान्यात का जात नाहीत?

सांजवारा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:४२

गेल्या आठवड्यात बाबांच्या डायरीत एक चिठ्ठी सापडली. युरॉलॉजिस्टना दाखवा, असं लिहिलेली रेफरलची चिठ्ठी. चार घड्या घातलेली, तारीख सात महिन्यांपूर्वीची. त्या वेळी बाबा आतल्या खोलीत कण्हत होते, लघवी अडकून चौदा तास झाले होते, आणि मी विम्याचे कागद शोधत कपाटं उपसत होतो.

नळी घातल्यावर लीटरभर लघवी निघाली. किडनी नीट चालतेय का ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. प्रोस्टेट मोठी झाली होती, जे त्या वयात सर्रास होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, “चिठ्ठी मिळाली तेव्हाच आला असतात तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं.” बाबा छताकडे बघत राहिले.

मी फार चिडलो. विमा आहे, हॉस्पिटल गाडीने वीस मिनिटांवर, मी घरात. मग का नाही गेलात? उत्तर एकच: “बघू म्हटलं.” आता मागे वळून पाहतो तर खुणा सगळ्या समोर होत्या. संध्याकाळनंतर पाणी बंद. बाहेरगावी जायचं टाळणं. कुठेही गेलं की आधी संडास कुठे आहे ते हेरून ठेवणं. मला वाटलं, वय झालंय.

चौथ्या रात्री पिशवी रिकामी करत होतो तेव्हा बाबा आपणहून बोलले. “गेलो होतो रे मी.”

हॉस्पिटलात नंबर घ्यायच्या खिडकीला काच होती आणि बोलायला खाली एक अर्धगोल भोक, म्हणजे वाकूनच बोलायचं. आतून विचारलं, त्रास काय? बाबांनी हळू सांगितलं. “काय?” परत सांगितलं. “मोठ्याने बोला, ऐकू येत नाही!” बाबांना स्वतःलाच डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे आतला माणूस किती जोरात बोलला हे त्यांना मागच्या रांगेकडे बघून कळलं. रांगेत ओळखीची दोन माणसं होती. बाबा म्हणाले, “काही नाही, चुकून आलो,” आणि घरी आले.

तीस वर्षं वर्ग दणाणून सोडलेला मास्तर. त्यांना एक शब्द मोठ्याने म्हणता आला नाही.

तर विचारायचं हे की तुमच्या घरात, तुमच्या बघण्यात कोण कशामुळे अडलं? ‘निष्काळजीपणा’ हे उत्तर नको. ते मी स्वतः चार दिवस देऊन बसलो होतो.

---

आडवाट | सोमवार, रात्री ११:०५

काका आता कसे आहेत? बाकी सविस्तर उद्या लिहितो. तोवर रुमाल.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४:१८

ड्युटीवरून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्याकडे रात्री दोननंतर जे येतात त्यांच्यातल्या निम्म्यांना दुपारीच यायचं असतं. परवा एक बाई आल्या, तीन दिवस छातीत दुखत होतं. ईसीजीच्या पट्ट्या लावत होते तर त्यांचा पहिला प्रश्न, “सोडणार किती वाजता?” घरी अंथरुणाला खिळलेली सासू. तिची कूस दर दोन तासांनी बदलायची असते आणि ते यांच्याशिवाय कोणी करत नाही. “तिला कोणाच्या भरवशावर टाकून येऊ?” तीन दिवस त्या स्वतःचं दुखणं नाही, बदली माणूस शोधत होत्या. मिळाला नाहीच. शेवटी चक्कर येऊन पडल्या म्हणून आल्या.

नर्सिंगला असताना ‘तीन विलंब’ शिकलो होतो. थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली बाळंतपणातल्या मृत्यूंवर लिहिताना ही मांडणी केली. जायचं ठरवण्यात उशीर, पोहोचण्यात उशीर, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात उशीर. परीक्षेला तिन्ही क्रमाने लिहिले की मार्क मिळायचे. कामाला लागल्यावर कळलं की क्रम वगैरे काही नसतो. तिसरा फिरून पहिल्यात येतो. गेल्या खेपेला इथे कसं वागवलं, किती ताटकळत ठेवलं, हे माणूस घरी घेऊन जातो आणि पुढच्या वेळी दुखायला लागलं की आधी तेच आठवतं. सांजवारा, तुमच्या बाबांचा ‘निर्णय घेण्यात उशीर’ आमच्या कागदावर त्यांच्या नावाने लागेल. तो खरं तर खिडकीच्या नावाने लागायला हवा.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३०

काकांना लवकर आराम पडो. पण धाग्याचा सूर एकतर्फी होतोय म्हणून थोडं उलट बोलतो, हलके घ्या.

कोणी मोठ्याने बोललं म्हणून किडनी पणाला लावायची? मोबाईलच्या दुकानात आपण तासभर वाद घालतो, तिथे लाज आडवी येत नाही. शिवाय जिथे सगळं मोफत असतं तिथे लोक फुकटचं म्हणून किंमत ठेवत नाहीत, सर्दीलाही गर्दी करतात, आणि खरा आजारी मागे राहतो. थोडी फी असली की माणूस विचार करून येतो.

---

गणिती_माकड | मंगळवार, सकाळी १०:११

शंकासुर, ‘थोडी फी असली की विचार करून येतो’ हे तपासून झालेलं आहे, आणि चांगलं दणकून.

अमेरिकेत रँड संस्थेने १९७०च्या दशकात प्रयोग सुरू केला, तो १९८२ पर्यंत चालला. हजारो कुटुंबं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वेगवेगळ्या विमा योजनांत वाटली. काहींना सगळं मोफत, काहींना खर्चातला हिस्सा खिशातून. ज्यांना पैसे भरावे लागले ते डॉक्टरकडे कमी गेले, इथवर तुमचं बरोबर. पण त्यांनी अनावश्यक भेटी गाळल्या आणि आवश्यक ठेवल्या असं झालं नाही. दोन्ही जवळपास सारख्याच गळल्या. आणि गरीब घरांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांचा दाब मोफत गटात जास्त चांगला आटोक्यात राहिला. छातीतली जळजळ पित्ताची की हृदयाची, हे घरबसल्या ओळखता आलं असतं तर डॉक्टर कशाला लागला असता? फी बघून माणूस विचार करतो तो पैशाचा. निदान त्याला कुठून येणार?

दुसरं, ‘मोफत’ या शब्दावर फार विसंबू नका. क्षयाची औषधं बहुतेक देशांत मोफत मिळतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांत क्षय असलेल्या घरांपैकी सुमारे निम्म्यांचा त्या आजारापायी झालेला एकूण खर्च आणि बुडालेली कमाई घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर जाते. गोळी फुकट, पण खेपा, आहार, बुडालेलं काम, सहा महिने घरात एक कमावता कमी. हे कोणत्याच पावतीवर येत नाही.

जगाचा हिशेब हवा असेल तर आरोग्य संघटना आणि जागतिक बँकेचा २०२३चा अहवाल सांगतो की २०२१ साली सुमारे ४५० कोटी माणसांना मूलभूत आरोग्यसेवा पुरेशा मिळत नव्हत्या. ४५० कोटी निष्काळजी माणसं? आकडा जरा जास्तच होतो.

---

आडवाट | मंगळवार, दुपारी १:५०

रुमाल उचलतो.

आमच्यासारख्या रोजावर काम करणाऱ्यांचा हिशेब रुपयांत नसतो, दिवसांत असतो. डॉक्टर म्हणतात “एक साधी तपासणी करून घ्या.” साधी म्हणजे कशी ते सांगतो. पहिला दिवस दाखवायला. तिथे कळतं की रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणजे दुसरा दिवस. रिपोर्ट त्या दिवशी मिळत नाही, म्हणून तिसरा. रिपोर्ट घेऊन जावं तर ते डॉक्टर ठरावीक वारीच बसतात, म्हणून चौथा. चार दिवस गेले आणि अजून गोळी पोटात गेलेली नाही. मुकादम दुसऱ्या खाड्याला बोलतो, तिसऱ्याला नवा माणूस उभा करतो.

मधुमेह निघाला तेव्हा मी दुसऱ्या दिवसानंतर सोडून दिलं होतं. रिपोर्ट दीड वर्ष लॅबमध्येच पडून होता. ‘रुग्ण फिरकला नाही’ असं लिहिलं असणार त्यांनी. फिरकलो होतो की, दोनदा!

अंतराचं म्हणाल तर ही जुनी गोष्ट आहे. एडवर्ड जार्विस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८५०च्या सुमारास मनोरुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या. रुग्णालयाच्या जवळच्या भागांतून रुग्ण जास्त यायचे, लांब जावं तसे कमी होत जायचे. लांबची माणसं जास्त शहाणी होती असं थोडंच असेल?

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी २:२०

रँडबद्दल माहीत नव्हतं, वाचतो. फीचा मुद्दा मागे. लाजेचा मुद्दा अजून पटलेला नाही.

---

चाकांवरची | मंगळवार, दुपारी ४:३७

लाजेबद्दल मी सांगू?

मी व्हीलचेअर वापरते. गेल्या नऊ वर्षांत माझं वजन कोणीही केलेलं नाही. काटा उभं राहणाऱ्यांसाठी असतो. दर वेळी विचारतात, “अंदाजे किती?” आणि मी दर वेळी तोच आकडा सांगते, जो नऊ वर्षांपूर्वीचा आहे. त्याच आकड्यावर भूल दिली गेली आहे मला. तपासणीचं टेबल कमरेइतकं उंच, त्यामुळे दोन वॉर्डबॉय बोलवून उचलतात. ते बिचारे चांगले असतात, पण अंगावर धड कपडे नसताना दोन अनोळखी पुरुषांनी उचलून ठेवणं म्हणजे काय, ते एकदा अनुभवा आणि मग मोबाईलच्या दुकानाचं उदाहरण द्या.

तिथे एकदा उचललं गेल्यावर पुढची तपासणी मी तीन वर्षं टाळली. टेबल खाली-वर होणारं मिळतं, यंत्र काही चंद्रावरून आणायचं नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालात जगातल्या १३० कोटी लोकांना ठळक अपंगत्व आहे असं म्हटलंय, आणि त्यांच्यातले काही इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत लवकर मरतात असंही. सगळे अपंगत्वाने मरत नाहीत. टेबल उंच असतं म्हणूनही मरतात.

---

शंकासुर | मंगळवार, सायंकाळी ५:०२

माफ करा. ते उदाहरण मागे घेतो.

---

दुभाषी | मंगळवार, रात्री ८:१५

आयडी उगाच घेतलेला नाही. अकरा वर्षांचा असल्यापासून आईचा दुभाषी आहे. आम्ही परक्या भाषेच्या मुलखात राहायला गेलो, मी शाळेत भाषा शिकलो, आई नाही. तिच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरांना मी सांगायचो. म्हणजे सांगायचो नाही. आई मला अर्धं सांगायची, त्यातलं मला कळायचं ते पाव, आणि ज्याचा शब्द येत नसे तिथे मी ‘पोटात दुखतं’ म्हणायचो. दोन वर्षं पोटदुखीवर औषधं घेतली तिने. पुढे फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, निघाले.

१९८० साली फ्लोरिडात एक तरुण बेशुद्धावस्थेत आणला गेला. घरचे स्पॅनिश बोलणारे, म्हणाले ‘इंतोक्सिकादो’. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी ऐकलं ‘इंटॉक्सिकेटेड’, आणि अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार सुरू केले. मेंदूत रक्तस्राव होता. मुलगा जगला, पण हातपाय कायमचे गेले. दुभाषा मागवायला हवा हे कोणाला सुचलंच नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटलं की आपल्याला कळलंय.

आपल्याच भाषेतसुद्धा हे होतं बरं. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ म्हटल्यावर खूश होऊन घरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

---

अबोली | मंगळवार, रात्री ९:४०

+१ चाकांवरची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मी सहा वर्षं ढकलली. कारण तेच, ती खुर्ची आणि तो पडदा, जो कधीच पूर्ण ओढला जात नाही. आता एचपीव्हीची (हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) चाचणी स्वतः नमुना घेऊन करता येते, आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शनात त्याला मान्यता दिली आहे. मी तशीच केली. बाथरूमचं दार आतून लावून, पाच मिनिटांत. सहा वर्षं जी भीती मी स्वतःचा भित्रेपणा समजत होते ती दाराच्या एका कडीने गेली.

---

काउंटरमागून | मंगळवार, रात्री ११:५८

दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी अशाच एका खिडकीच्या आत बसतो. अकरा वर्षं झाली.

आतून कसं दिसतं ते सांगतो. काच जाड आहे. माइक होता, तो बंद पडून बराच काळ झाला, तीन अर्ज दिले. स्क्रीनवर ‘तक्रार’ नावाचा रकाना आहे, त्याला लाल चौकट. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि नंबर निघत नाही. म्हणजे मला विचारावंच लागतं. मला त्या माणसाच्या लघवीशी काय देणंघेणं? पण नुसतं ‘जनरल’ टाकलं की माणूस भलत्या ओपीडीत जातो, तिथे दोन तास बसतो, आणि परत माझ्यासमोर येऊन माझ्यावरच चिडतो. तेही बरोबरच. रकाना ज्याने बनवला तो या खिडकीत कधी बसलेला नाही आणि खिडकी ज्याने बनवली त्याला रकाना माहीत नव्हता.

दुपारी बारापर्यंत माझा घसा बसलेला असतो. मी ओरडतो ते काचेवर. पलीकडे ते कसं पोहोचतं हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं, सांजवारा. ‘चुकून आलो’ म्हणून परत जाणारे मलाही आठवतात. महिन्याला दोन-तीन असतातच. मला वाटायचं, खरंच चुकून आले.

एक सांगतो, कामाला आलं तर बघा. एक मुलगी मोबाईलवर सगळं टाईप करून स्क्रीन काचेला लावते. मी वाचतो, टाकतो, नंबर देतो, एक शब्द बोलावा लागत नाही. चिठ्ठी लिहून दिलीत तर आमचीही सुटका होते.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:४४

काउंटरमागून, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडे उद्यापासून खिडकीवर कागदाचे तुकडे आणि बांधलेलं पेन ठेवायला सांगते. पेन चोरीला जाणार हे गृहीत धरून. (अवांतर: आजवर सगळ्यात जास्त काय चोरीला जातं तर पेनच, सलाईनचा स्टँड नव्हे.)

---

जुना स्टेथो | बुधवार, सकाळी ७:३०

खिडकी पार केली तरी आत आम्ही बसलेलोच आहोत. माणूस सर्दी दाखवतो, औषध घेतो, उठतो, आणि दाराच्या कडीला हात लावून वळतो. “डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.” त्या दिवसाचा खरा आजार तो असतो. तोवर पुढचा रुग्ण आत डोकावलेला असतो. मीही अनेकदा ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलेलं आहे. पुढची वेळ आली नाही असेही काही चेहरे आहेत, ते इथे लिहीत नाही.

२०१७ साली ६७ देशांतल्या डॉक्टर-भेटींच्या वेळांचा आढावा निघाला होता. जगातल्या जवळपास निम्म्या लोकसंख्येला प्राथमिक उपचाराच्या भेटीत मिळतात पाच मिनिटं किंवा त्याहून कमी. एखाद्याला जन्मभर दाबलेली गोष्ट सांगायची तर पाच मिनिटांत घसाही मोकळा होत नाही.

वेल्समधल्या खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त तिथेच कमी सापडते. मी ते नेहमी गावं, वस्त्या, देश यांच्याबद्दल वाचत आलो. हा धागा वाचून वाटतं, एकाच रांगेतही ते लागू आहे. ज्याला ऐकू येतं, वाकता येतं, मोठ्याने बोलता येतं आणि उद्याही सुट्टी मिळते, त्याचं काम आधी होतं. म्हणजे जो त्यातल्या त्यात धडधाकट आहे त्याचं.

जाता जाता: माझा स्वतःचा रक्तदाब मी चार वर्षं मोजला नव्हता. कारण विचारू नका, तुम्ही लिहिलेल्यांतलंच एक आहे.

---

सांजवारा (धागाकर्ता) | शनिवार, सायंकाळी ६:२५

सगळ्यांचे आभार. आज बाबांना फॉलो-अपला नेलं. त्याच हॉस्पिटलात, तीच खिडकी. दुसरीकडे जाऊ म्हटलं तर बाबाच नको म्हणाले.

काउंटरमागून यांचं ऐकून घरीच चिठ्ठी तयार केली. बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली, मास्तरी वळणाचं, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. मी रांगेत मागे थांबलो. बाबा वाकले नाहीत. भोकातून चिठ्ठी आत सरकवली आणि सरळ उभे राहिले. आतल्या बाईंनी वाचली, मान वर करून बाबांकडे पाहिलं, नंबर मागच्या बाजूला लिहून चिठ्ठी परत दिली. पुढे ओपीडीत नंबर पुकारला तो बाबांना ऐकू गेला नाहीच, पण एका मावशींनी येऊन खांद्याला हात लावला.

नळी अजून दहा दिवस. क्रिएटिनिन उतरतंय. ऑपरेशनचं त्यानंतर ठरेल. सात महिन्यांबद्दल मी बाबांना अजून सॉरी म्हटलेलं नाही.

---

नवखी_२ | शनिवार, रात्री १०:१०

पहिल्यांदाच लिहितेय. त्या चिठ्ठीत नेमकं काय लिहिलं होतं, सांगाल का? माझ्या आईसाठी हवंय.

---

सांजवारा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०:३१

तशीच उतरवतो. नाव-वय वर होतं, त्याखाली:

“मला डाव्या कानाने कमी ऐकू येते. लघवीच्या त्रासासाठी आलो आहे, बाकीचे आत डॉक्टरांना सांगेन. कृपया नंबर कागदावर लिहून द्यावा. माझी पाळी आल्यावर हाताने खूण करावी, मी समोरच्या बाकावर उजव्या टोकाला बसतो.”

आईंना कोणती बाजू ऐकू येते ते बघून बाक बदला.